हेलियम लीक टेस्ट पास म्हणजे कॅप्सूल पास?

कृष्णाकाठ (सांगली): काल इथे कुणीतरी लिहिलं, "चांद्रयान-3 च्या प्रोपल्शन मॉड्यूलमध्ये एक-एक वॅटचे दोन रेडिओआयसोटोप हीटर (किरणोत्सर्गी पदार्थाच्या उष्णतेवर यान उबदार ठेवणारे) होते. असल्या हीटरच्या कॅप्सूल, म्हणजे इंधनाची बंद धातूची कवचं, आपल्या कुपवाडच्या एमआयडीसीत होतील. टिग वेल्ड (विजेच्या आर्कनं जोड), हेलियम लीक टेस्ट, संपला विषय." विषय संपत नाही. लीक टेस्ट एवढंच सांगते की आज आरपार भोक नाही. रॉकेट फुटून कॅप्सूल तापलेल्या अवस्थेत दगडावर आदळली तर काय, हा खरा प्रश्न. 1964 ला अमेरिकी उपग्रहावरचा स्नॅप-9ए हा अणुऊर्जा स्रोत वातावरणात जळून प्लुटोनियम पसरलं, तेव्हापासून कॅप्सूल शाबूत खाली यावी असं डिझाइन होऊ लागलं. 1968 ला निंबस या हवामान उपग्रहाचं उड्डाण फसलं, पण कॅप्सूल समुद्रातून अखंड निघाल्या.

कुपवाडकर: पोस्ट माझीच. तुम्ही वीज देणाऱ्या मोठ्या सोर्सचं माझ्या छोट्या हीटरच्या गळ्यात बांधताय. अमेरिकेच्या एक वॅटच्या हीटरला प्लॅटिनम-30 टक्के रोडियमचं कवच असतं, आत 2.7 ग्रॅम प्लुटोनियम ऑक्साइड. स्पेशल फॉर्मच्या (बंद किरणोत्सर्गी कॅप्सूलसाठी ठरलेल्या) चाचण्या घ्या: 9 मीटरवरून न दबणाऱ्या पृष्ठावर पाडायचं, शिशाच्या पत्र्यावर ठेवून 1.4 किलोचा दांडा 1 मीटरवरून सोडायचा, 800 अंशांना 10 मिनिटं भट्टीत ठेवायचं, मग लीचिंग, म्हणजे पाण्यात ठेवून काही बाहेर झिरपतं का ते बघायचं. यातलं काय इथं होत नाही?

कृष्णाकाठ: त्या वाहतुकीच्या चाचण्या आहेत! 9 मीटरवरून पडताना वेग सेकंदाला जेमतेम 13 मीटर. मोठ्या सोर्समधल्या 62.5 वॅटच्या इरिडियम कॅप्सूलची धडक सेकंदाला 54 मीटरच्या आसपास घेतात, तीही 900 अंशांच्या वर तापवून. ऊर्जा 16 पट! इरिडियम थंड असताना ठिसूळ. म्हणून त्यात 0.3 टक्के टंगस्टन आणि दशलक्षात 60 भाग थोरियम. थोरियम ग्रेनच्या (धातूतल्या बारीक स्फटिकांच्या) सीमेवर बसतं, ग्रेन फुगू देत नाही आणि सीमा फाटू देत नाही. खोलीच्या तापमानाला आदळून काढलेला निकाल घेऊन करायचं काय?

टिगवाला (कराड): दोघंही वेल्ड विसरलात. गोल वेल्डचा शेवट सुरुवातीवर चढतो, तिथे धातू दुसऱ्यांदा तापतो. थोरियमवाला कमी तापमानाला वितळणारा भाग ग्रेनच्या सीमेवर पसरतो आणि वेल्डच्या मण्याखाली, आतल्या बाजूनं तडा जातो. आरपार नसतो, म्हणून हेलियमला दिसत नाही. एक्स-रेला बारीक तडा योग्य कोनात नसेल तर दिसत नाही. अल्ट्रासॉनिकनं पकडावा लागतो. अमेरिकेत आर्क चुंबकीय क्षेत्रानं हलवत वेल्ड केला, तेव्हा हे कमी झालं. आपल्याकडे डाउनस्लोप न देता (करंट हळूहळू न उतरवता) टॉर्च उचलतात, शेवटी क्रेटर, म्हणजे खळगा, तसाच राहतो, आणि एक्स-रेची फिल्म न बघता सर्टिफिकेट येतं.

माणदेशी: सर्टिफिकेटचं काढलंतच तर ऐका. बार कापल्यावर उरलेल्या तुकड्यावर हीट नंबर (कुठल्या ओतीचा धातू ते सांगणारा) परत पंच करत नाहीत. मग एमटीसी (गिरणीचं धातू-तपासणी सर्टिफिकेट) कुठल्या बारचं? अशा कामात कॅप्सूलच्या प्रत्येक कपाचा (अर्ध्या कवचाचा) इतिहास बिलेटपर्यंत, म्हणजे मूळ ओतलेल्या धातूच्या ठोकळ्यापर्यंत, मागे गेला पाहिजे.

कुपवाडकर: सगळ्या एमआयडीसीला एकाच काठीनं झोडपू नका! नीट पंच मारून, रजिस्टर ठेवून काम करणारी युनिट आहेत इथं.

माणदेशी: आहेत. मग त्यांचं रजिस्टर गिऱ्हाइकानं मागितलं पाहिजे. ते कुणी मागत नाही, हीच तक्रार आहे.

टिगवाला (कराड): आणि हेलियमचं उलटं अंगही बघा. प्लुटोनियम-238 च्या दर वॅटमागे वर्षाला 1.3 घन सेंमी हेलियम तयार होतो. एक वॅटच्या कॅप्सूलमध्ये मोकळी जागा 1 घन सेंमी धरली आणि तो सगळा ऑक्साइडमधून सुटला, तर 10 वर्षांत 800 अंशांना 50 बारच्या आसपास दाब. 62.5 वॅटला वर्षाला 80 घन सेंमीच्या वर. म्हणून इरिडियम कपाला सिंटर केलेल्या (तापवून घट्ट केलेल्या) पावडरीचा व्हेंट, म्हणजे वायू सुटायची वाट, ठेवतात. तयार कॅप्सूल मुद्दाम गळकी असते, तिला लीक टेस्ट काय लावणार? तिथे व्हेंटचा प्रवाह मोजायचा.

कुपवाडकर: व्हेंटचं आणि वेल्डचं मान्य. पण डमी (प्लुटोनियम नसलेल्या) कॅप्सूलची धडक इथं घेता येईल, यावर मी ठाम आहे. आत सेरियम ऑक्साइड भरा, किरणोत्सर्गाचा प्रश्नच नाही.

कृष्णाकाठ: सेरियाची (सेरियम ऑक्साइडची) घनता 7.2, प्लुटोनियम ऑक्साइडची 11.5. वस्तुमानच कमी, कवचावर आतून येणारा मारही कमी. अमेरिकेत युरेनियम ऑक्साइड भरतात ते यासाठीच. हाफ्निया (हाफ्नियम ऑक्साइड) भरा, घनता 9.7 आहे. तरी कमीच, तेवढा वेग वाढवून घ्यावा लागेल.

कुपवाडकर: हाफ्निया चालेल. पण वेग वाढवला की विकृतीचा दर बदलतो, आणि इरिडियमची तन्यता (न तुटता ताणली जायची क्षमता) त्यावरही अवलंबून. आता हे तुम्हीच सोडवा.