पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर सीपॅप मशीन लावायचं नाही म्हणतात, मग झोपायचं कसं?

बाबांना ॲक्रोमेगली आहे, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतल्या गाठीमुळे वाढीचा हार्मोन जास्त बनतो, पुढच्या आठवड्यात नाकातून ती गाठ काढणारेत. त्यांना स्लीप ॲप्निया पण आहे, सहा वर्षं झाली रोज रात्री सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावतात, प्रेशर १२ वर सेट आहे. मास्क नसला की घोरता घोरता श्वासच थांबतो, आई उशाशी बसून आकडे मोजते आणि मग एकदम दचकून श्वास घेतात. सर्जन म्हणाले ऑपरेशननंतर काही दिवस मशीन बंद, पण नाक तर पॅकिंगने बंद असणार ना, मग रात्र काढायची कशी? फुल फेस मास्क लावला तर चालेल का? खूप घाबरलोय.

प्रतिसाद १
दादा, मी आयसीयूत नर्स आहे. नाकाच्या पार मागे स्फेनॉइड म्हणून पोकळी असते, तिच्या मागचं पातळ हाड काढून गाठीपर्यंत जातात आणि नंतर गरजेप्रमाणे चरबी किंवा नाकाच्या आतल्या अस्तराचा तुकडा लावून ते भोक बुजवतात. हा सांधा कच्चा असताना मशीनची हवा दाबाने तिथे गेली तर ती थेट कवटीत शिरू शकते, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायला लागू शकतं आणि त्यातून मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग) भीती. सगळ्यांना होतं असं अजिबात नाही, पण हवा आत कोंडून दाब वाढला तर ती इमर्जन्सी असते. फुल फेस मास्कने काही फरक पडत नाही, तोंडातून गेलेला दाब घशातून नाकाच्या मागे पोचतोच. त्याऐवजी उशाकडची बाजू साधारण ३० अंश वर ठेवतात, गुंगी आणणारी पेनकिलर शक्य तितकी कमी देतात, बोटाला ऑक्सिमीटर असतो आणि साध्या मास्कने ऑक्सिजन. फक्त ऑक्सिजन चालू असला की आकडा चांगला दिसतो, श्वास अडकत असला तरी, म्हणून छातीकडे पण बघत राहावं लागतं.

प्रतिसाद २
आमच्या आईच्या वेळी दुसऱ्या रात्री ड्युटी बदलली आणि नवीन सिस्टर चांगल्या मनानेच मशीन घेऊन आल्या, म्हणाल्या फाईलमध्ये ॲप्निया लिहिलंय. मी जागी होते म्हणून थांबवलं. तेव्हा फाईलवर आणि बेडवर दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत लिहून घ्याच. घरी आल्यावर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, संडासला जोर नाही, जड उचलायचं नाही. आणि पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखे थेंब पडले, घशात खारट लागलं, डोकं वाढत दुखलं, उलट्या झाल्या, ताप आला, मान आखडली, नजर कमी झाली किंवा माणूस सुस्त वाटला तर सकाळची वाट बघू नका.

मूळ प्रश्नकर्ता
ताई, खूप आभार, हे कुणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं. मग मशीन परत कधी सुरू करायचं?

प्रतिसाद १
एक ठरलेली तारीख नसते. ऑपरेशनमध्ये पाणी गळलं होतं का आणि दुरुस्ती कशी केली त्यावर सर्जन ठरवतात, काही जण लवकर परवानगी देतात, काही जण काही आठवडे थांबवतात. डिस्चार्जच्या वेळी ती तारीख लिहूनच मागा. आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच भेटून १२ चं प्रेशर सांगा, कारण भूल देताना घातलेली श्वासाची ट्यूब काढल्यावर मास्क दाबून हवा देणंही ते शक्यतो टाळतात, त्यामुळे बाबा पूर्ण जागे झाल्यावरच ट्यूब काढायची असं त्यांना आधीपासून ठरवता येतं. वाढीचा हार्मोन खाली आल्यावर ॲप्निया कमी होऊ शकतो, पूर्ण जाईलच असं नाही, म्हणून काही महिन्यांनी स्लीप स्टडी परत करा, तोवर जुनं सेटिंग आपल्या मनाने बदलू नका.