वाचताना सगळं समजतं, आठ दिवसांनी काहीच आठवत नाही. अभ्यासाची सवय नेमकी कशी लावायची?

कोरी_वही:
दुसरं वर्ष, सहा विषय, त्यातले दोन गणिताचे. कॉलेज सुटल्यावर रोज साधारण चार तास हातात उरतात. परीक्षेला सात आठवडे आहेत. सध्याची पद्धत अशी: नोट्स दोन-तीनदा वाचायच्या, महत्त्वाच्या ओळींवर हायलायटर फिरवायचा, गणितात प्रत्येक धड्याखालची उदाहरणं ओळीने सोडवायची. आठ दिवसांनी तोच धडा कुणी विचारला तर मथळ्यांपलीकडे काही सांगता येत नाही. गणितात घरी उदाहरणं सुटतात, पेपरात मात्र कोणती पद्धत लावायची हेच सुचत नाही. वेळापत्रक दर रविवारी नवं होतं आणि बुधवारपर्यंत कोलमडतं. "मन लावून अभ्यास करा" याच्या पुढचं कुणी सांगेल का? टेबलाशी बसल्यावर पहिल्या तासात काय करायचं, इथपासून हवं आहे.

मिटलेलं_पुस्तक:
चार तास पुष्कळ झाले. त्या चार तासांत सगळा वेळ माहिती डोक्यात घालण्यात जातोय, बाहेर काढण्याचा सराव एकदाही होत नाही. पेपरात तर तेवढंच करायचं असतं.

तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण 'येतंय' समजतो. रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली यावर सरळसोट प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा चार सत्रांत वाचला; काहींनी एकाच सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६० टक्के. वाचून उठल्यावर वाटणारा आत्मविश्वास फसवा का असतो, ते यावरून कळेल.

आता पहिला तास. बसल्या बसल्या पुस्तक उघडू नका. कोरा कागद घ्या, काल जे केलं ते १० मिनिटं न बघता लिहा. मग नवा भाग, पाच-सहा पानं, २० ते २५ मिनिटं. या वेळी हातात पेन नको, नुसतं समजून घ्या. पुस्तक मिटा. दुसऱ्या कागदावर १० मिनिटं आठवेल ते लिहा: शब्द, आकृती, बाण, काहीही चालेल, क्रम चुकला तरी चालेल. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल शाईने भरा. उरलेल्या वेळात त्या लाल ओळींचे प्रश्न तयार करा. उद्याचा अभ्यास कुठून सुरू करायचा हे ती लाल शाईच सांगते.

इथे दोन ठिकाणी घोळ होतो. एक, आठवत नाही म्हणून दहा सेकंदांत पुस्तकात डोकावणं. मिनिटभर तरी झटा. त्या झटापटीतच आठवण पक्की होते. दुसरं, 'मनातल्या मनात' आठवणं. मन अर्धवट उत्तराला पूर्ण मार्क देऊन मोकळं होतं, म्हणून लिहा किंवा मोठ्याने बोला.

प्रश्नांची उजळणी एका बैठकीत पाच वेळा करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी, मग तीन आठवड्यांनी करा. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि मग मंदावतो, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. म्हणून पहिलं अंतर लहान, पुढची मोठी. तारखा डोक्यात ठेवू नका, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लिहून टाका.

गणितवाला_कट्टा:
वरचं थिअरीला चपखल आहे. गणिताचं दुखणं वेगळं. बाय पार्ट्सच्या (इंटिग्रेशनची एक पद्धत) धड्याखाली वीस उदाहरणं आहेत आणि वीसही बाय पार्ट्सने सुटणार हे आधीच माहीत आहे, म्हणजे पद्धत ओळखण्याचा सराव शून्य. पेपरात वर मथळा छापलेला नसतो.

'एक्स इंटू ई रेझ टू एक्स' आणि 'एक्स इंटू ई रेझ टू एक्स स्क्वेअर' ही दोन इंटिग्रल्स शेजारी शेजारी लिहून बघा. पहिलं बाय पार्ट्सने जातं. दुसऱ्यात फक्त घातावर एक स्क्वेअर चढलाय, पण आता बाहेरचा एक्स हा घाताच्या डेरिव्हेटिव्हचा तुकडा झाला, त्यामुळे सब्स्टिट्यूशनने (घाताच्या जागी नवं अक्षर धरून) दोन ओळींत संपतं. तिथे बाय पार्ट्स लावत बसलात तर ई रेझ टू एक्स स्क्वेअरच्या इंटिग्रेशनवर अडकाल, आणि त्याला साधं उत्तरच नाही. हा फरक सलग वीस सारखी उदाहरणं सोडवून कधीच डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून नवी पद्धत शिकताना एका प्रकारची चार-पाच उदाहरणं करा, तिथे थांबा. त्यानंतरचा सराव मिसळून. जुन्या धड्यांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहा (धड्याचं नाव चिठ्ठीच्या मागे), डबा हलवा, आठ चिठ्ठ्या काढा. प्रत्येकीवर आधी फक्त दोन गोष्टी लिहा: कोणती पद्धत आणि कशावरून. सोडवायचं नंतर. वेळ कमी असेल त्या दिवशी सोडवूही नका, नुसती ओळखण्याची फेरी करा. १५ मिनिटांत वीस चिठ्ठ्या होतात. मिसळून सोडवताना सुरुवातीला चुका वाढतात आणि वेग मंदावतो. घाबरून ओळीने सोडवण्याकडे परत वळू नका.

चुकांची वेगळी वही ठेवा आणि प्रत्येक चुकीपुढे प्रकार लिहा: माहीतच नव्हतं, पद्धत ओळखली नाही, की आकडेमोडीत घसरलं. पहिल्याला वाचन लागतं, दुसऱ्याला चिठ्ठ्या, तिसऱ्याला पायऱ्या न गाळण्याची शिस्त. तिघांवर 'अजून सराव' हे एकच औषध दिलं की आठवडे वाया जातात.

पिवळी_रेघ:
हायलायटरला सरसकट हद्दपार करू नका. डनलोस्की हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतर ठेवून अभ्यास करणं या दोन सर्वांत वर आल्या; रेघा मारणं आणि पुन्हा वाचणं खालच्या गटात गेलं. पण त्याचा अर्थ रेघ मारल्याने नुकसान होतं असा नाही, नुसती रेघ मारून काम संपत नाही एवढाच. धडा एकदा पूर्ण वाचून झाल्यावर मारा, परिच्छेदामागे फार तर एक ओळ, आणि समासात त्या ओळीचा प्रश्न लिहा. मग ती रेघ उत्तराची जागा दाखवते. पहिल्याच वाचनात मारलेल्या रेघांनी अख्खं पान पिवळं होतं, कारण तेव्हा सगळंच महत्त्वाचं वाटतं.

बुधवारचा_बुरुज:
वेळापत्रक बुधवारी कोलमडतं कारण ते तासांत लिहिलेलं असतं. 'सात ते नऊ अर्थशास्त्र' यात काम कधी संपलं हे ठरत नाही, आणि सात वाजून वीस मिनिटं झाली की 'आजचं गेलंच' म्हणून सोडून देता येतं. त्याऐवजी कामं लिहा: 'युनिट ३ चे बारा प्रश्न न बघता', 'आठ मिसळलेली उदाहरणं'. आणि चारपैकी अडीच-तीन तासच भरा. कामाला लागणारा वेळ आपण नेहमी कमी धरतो. उरलेला तास त्या उधारीसाठी लागतो. आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण रिकामी ठेवा, मागे पडलेलं तिथे जातं. नवं वेळापत्रक करायची वेळच येत नाही.

सुरुवात घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा. 'घरी येऊन हातपाय धुतले की कोरा कागद' हे जमतं, 'साडेसहाला' हे निसटतं. तो कागद आदल्या रात्रीच टेबलावर ठेवून झोपा, वर विषयाचं नाव लिहून. बसल्यावर 'आज काय करू' हा प्रश्न पडला की हात फोनकडे जातो.

फोनही दुसऱ्या खोलीत. टेबलावर पालथा ठेवणं पुरत नाही. मधेच काही आठवलं तर शेजारच्या चिठ्ठीवर टिपा, सुट्टीत बघा. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी हे थिअरीला ठीक. गणितात उदाहरण अर्ध्यात तुटतं, तिथे ५० आणि १० बरं. झोप कापून तास वाढवू नका. दिवसभराचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं, शिवाय जागरणाचा दुसरा दिवस पेंगण्यात जातो तो वेगळाच.

कोरी_वही:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. कोऱ्या कागदावर तीन-चारच मुद्दे आले तर? आणि प्रश्न तयार करण्यातच सगळा वेळ जाणार नाही का?

मिटलेलं_पुस्तक:
पहिल्या आठवड्यात तीन-चारच येतील. कागद टाकून देऊ नका, तारीख घालून ठेवा. चौथ्या दिवशी तोच धडा पुन्हा लिहाल तेव्हा शेजारी ठेवून बघा. आणि तीनही नाही आले, अगदीच कोरं राहिलं, तर समजून घेण्यातच काहीतरी राहिलंय. पाच पानांऐवजी दोन पानं घ्या.

प्रश्न कमी करा, पण कामाचे करा. पाच-सहा पानांमागे चार ते सहा पुरे. 'मागणीची लवचीकता म्हणजे काय?' (किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते त्याचं माप) हा प्रश्न पाठांतर तपासतो, तो एकदाच ठेवा. त्याऐवजी असा करा: 'किंमत १० टक्क्यांनी वाढली, मागणी ४ टक्क्यांनी घटली. विक्रेत्याचं एकूण उत्पन्न वाढेल की घटेल, आणि का?' उत्तर देताना व्याख्या आठवावीच लागते, लवचीकता १ पेक्षा कमी आहे हे ओळखावं लागतं आणि म्हणून उत्पन्न वाढतं इथपर्यंत यावं लागतं (१.१० गुणिले ०.९६, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के वाढ). एका प्रश्नात तीन गोष्टी निघाल्या.

आयते प्रश्नही आहेत: मागच्या वर्षांचे पेपर. ते शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नका. एक पेपर याच आठवड्यात, धडे अपुरे असतानाच, नुसता वाचून काढा आणि प्रत्येक प्रश्नापुढे धड्याचं नाव लिहा. दोन पेपर मात्र न बघता बाजूला ठेवा आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात पूर्ण वेळ लावून, हाताने लिहून सोडवा. तीन तास सलग लिहिताना हात कधी दुखायला लागतो आणि वेळ कुठे जातो, हे तिथेच कळतं.