बीकेसी संध्याकाळी ओस का पडतं?

पदपथ: मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीतल्या ऑफिसांत, दिवसभर एवढी माणसं, तरी रस्त्याला जान नाही. दादरच्या रानडे रोडवर दहा फुटी गाळे धरले, तर शंभर मीटरमध्ये एका बाजूला तीसेक दारं लागतात. बीकेसीत तेवढ्यात कंपाउंडची भिंत, गाड्या आत घ्यायचं फाटक, बाहेर सोडायचं दुसरं आणि रक्षकाची चौकी. चालणाऱ्याने थांबायचं कशासाठी? इथलं नियोजन बघणाऱ्या एमएमआरडीएने नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करताना रस्त्याकडेचा तळमजला गाळ्यांसाठीच राखायला लावावा.

गिरणगावकर: हे पटत नाही. फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रोडवर सलग कमानी, खाली दुकानं, डोक्यावर सावली. भिंत औषधालाही नाही. तरी रविवारी फोर्टात शुकशुकाट, आतल्या रस्त्यांवर पोरं क्रिकेट खेळतात. जवळच्याच गिरगावात खाली दुकान, वर चाळ. रात्री दहालाही वर्दळ. फरक वर राहणाऱ्यांचा आहे. दुकानदाराचा हिशेब मांडा: ऑफिसचं गिऱ्हाईक दुपारी एक ते तीन, आठवड्याचे पाच दिवस. झाले दहा तास! त्यातही आतलं कॅन्टीन वाटेकरी. वस्तीतला वाणी सकाळच्या दुधापासून रात्रीच्या अंड्यांपर्यंत विकतो.

पदपथ: माणसं राहतातच की! भारतनगर, कलानगर, सरकारी वसाहत, सगळं लगतच आहे. ती मंडळी इकडे फिरकत नाहीत, कारण त्यांच्या कामाचं, त्यांना परवडणारं इथे काही ठेवलेलंच नाही.

मिठीकाठ: गाळे काढा म्हणणं सोपं आहे. ही मिठी नदीकाठची भराव घातलेली दलदल. रस्त्याच्या पातळीवर गाळा काढलात, तर भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की आत पाणी. जोतं उंच केलंत, तर पाच पायऱ्या चढून चहाला कोण येणार? उतार द्यायचा तर दर फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आणि गाळा हजार चौरस फुटांचा ठेवला की भाडं बँकेलाच परवडतं. संध्याकाळी शटर खाली. काढायचेच तर शंभर-सव्वाशे फुटांचे काढा, प्रत्येकाला वेगळा नळ आणि सांडपाण्याच्या वाटेवर तेल अडवणारी टाकी द्या. नाहीतर खाद्यपदार्थांच्या गाळ्यांनी गटार तुंबतं आणि मग सगळेच गाळे बंद करायची मागणी होते.

गिरणगावकर: लहान गाळ्यांचं मान्य. फेरीवाल्यांनाही जागा द्या, 2014 च्या कायद्यात विक्री क्षेत्रं आखायची तरतूद आहेच. पाच मीटरच्या पदपथावर दोन मीटर हातगाडीला दिले, तरी चालायला तीन उरतात. पण रात्री नऊला तो वडे विकणार कोणाला? ऑफिसवाला केव्हाच मेट्रोत बसलेला असतो. नव्या इमारतींच्या चटईक्षेत्रातला (सगळ्या मजल्यांच्या मिळून बांधकामातला) ठरावीक वाटा घरांना सक्तीचा करा, तोही चारशे-पाचशे फुटांच्या. आलिशान फ्लॅट बांधलेत तर तिथला माणूसही गाडीतूनच फाटकाबाहेर पडेल.