मदत हवी आहे: जॉन ग्लेन कॉलेज (कोलंबस, ओहायो), एमपीए आणि माजी विद्यार्थी

मनीमाऊ:
नमस्कार मंडळी,
भाचीला ओहायो स्टेट विद्यापीठाच्या जॉन ग्लेन कॉलेज ऑफ पब्लिक अफेअर्समध्ये एमपीएला (सार्वजनिक प्रशासनातली पदव्युत्तर पदवी) प्रवेश मिळालाय. (हो, १९६२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करणारे अंतराळवीर ग्लेन तेच, पुढे ओहायोचे सिनेटर झाले. नाव ऐकल्यापासून आमचे बाबा "नात नासात चालली" असं सोसायटीभर सांगत सुटलेत.)

पुण्यात राज्यशास्त्रात बीए, मग जिल्हा परिषदेच्या शाळांसोबत काम. संख्याशास्त्र जड जाईल, पण करेल ती. घोर वेगळाच आहे. लिंक्डइनवर माजी विद्यार्थी शोधत बसली तर कुणी महापालिकेच्या बजेट विभागात, कुणी काउंटीत (म्हणजे जिल्हा प्रशासनात), कुणी स्टेटहाऊसमध्ये (राज्याच्या विधिमंडळात). सगळी सरकारी कामं आणि सगळे तिथलेच! एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेली मुलं पुढे करतात काय? आणि या माजी विद्यार्थ्यांना लिहायचं कसं? तिचा मसुदा "रिस्पेक्टेड सर"पासून सुरू होतो, सोबत दोन पानी बायोडेटा.

कोलंबसकर:
अभिनंदन! केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं, त्या आशेवर येऊ नये. ओपीटी (पदवीनंतर आपल्या विषयात काम करायची परवानगी) १२ महिन्यांचं असतं. आय-२० वरचा (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा विषय-क्रमांक, स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) यादीत असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. एकाच कॉलेजातल्या दोन अभ्यासक्रमांचे कोड वेगळे असू शकतात, तेव्हा सीनियर काय म्हणतात त्यावर जाऊ नका.

दुसरं, विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था आणि ना-नफा संशोधन संस्था यांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नाही, म्हणजे लॉटरीची कटकट नाही. तिने अशा ठिकाणी काम करणारे माजी विद्यार्थी आधी गाठावेत. कॅम्पसबाहेर इंटर्नशिप करायची तर आधी सीपीटीची (शिकत असतानाच अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची) परवानगी, हे मात्र डोक्यात पक्कं हवं.

बाकी गाव या शिक्षणासाठी झकास. कॅम्पसवरून हाय स्ट्रीट धरून दक्षिणेला गेलं की थेट स्टेटहाऊस. विधिमंडळ समित्यांच्या सुनावण्या कुणीही जाऊन ऐकू शकतं.

उगाचच:
"रिस्पेक्टेड सर" आणि बायोडेटा, दोन्ही उडवा. तिथे पहिल्या नावानेच हाक मारतात. चार-पाच ओळी पुरे: मी कोण, तुमच्या कामातलं नेमकं काय विचारायचंय, वीस मिनिटं फोनवर बोलाल का. नोकरीचा विषय पहिल्या मेलमध्ये नको, समोरचा दारच लावून घेतो.
लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे पहिली पदवी भारतातली असलेले शोधायला सांगा. व्हिसाचं खरं उत्तर त्यांच्याकडेच मिळेल. शाळांचं काम मेलच्या दुसऱ्याच ओळीत येऊ दे, तिच्याकडचं नाणं ते आहे.

मनीमाऊ:
दोघांचेही आभार, मसुदा आज रात्रीच बदलायला लावते. आय-२० अजून हातात आलेलं नाही. कोड आधी कळतो का?

कोलंबसकर:
कळतो की. प्रवेश विभागाला मेल करून थेट विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.