पाळीच्या आधीचे आठ दिवस: नोंद कशी ठेवायची, पुण्यात कुणाकडे जायचं?

अभ्यासिका_सदाशिव:
सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुली बऱ्याच आहेत. त्यांच्यासाठी फलकावर एक माहितीचा कागद लावायचाय. पाळीच्या आठ-दहा दिवस आधी सारखं रडू येणं, कुणाचा शब्दही सहन न होणं, 'जगून काय करायचंय' असे विचार आणि पाळी आली की दोन-तीन दिवसांत सगळं निवळणं. असं होत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ की थेट मानसोपचारतज्ज्ञ? सोबत काय न्यायचं?

निळी_शाई:
हे दर महिन्याला होत असेल आणि अभ्यास, जेवण, बोलणंचालणं अडत असेल, तर तो पीएमडीडी असू शकतो (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर). 2013 च्या डीएसएम-5 मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) त्याला नैराश्याच्या आजारांत स्वतंत्र जागा मिळाली. यात हार्मोन्सची पातळी बहुधा नॉर्मलच असते. तिच्या चढउताराला मेंदू जास्त तीव्र प्रतिसाद देतो. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आलाय, उगाच मनाला लावून घेतेस' हे कुणी म्हटलं तर ऐकू नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्या.

सोबत न्यायची सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वही. सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद असल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. रक्तस्राव नीट सुरू झाला तो दिवस 1. नुसता डाग दिसला तो धरायचा नाही. रोज झोपताना चिडचिड, उदासी, घालमेल, झोप, एकाग्रता, पोट फुगणं यांना 1 ते 6 गुण द्या. 1 म्हणजे अजिबात नाही, 6 म्हणजे पराकोटीचं. उदाहरणार्थ: 'दिवस 24: चिडचिड 5, उदासी 5, झोप 3. मेसमध्ये भांडण, पेपर अर्धा सोडला.'

चूक हमखास होते ती इथे: आठवडाभराचं रविवारी आठवून लिहिणं, नाहीतर फक्त वाईट दिवस लिहिणं. खरं उत्तर चांगल्या दिवसांत असतं. दिवस 6 ते 10 मध्ये आकडे 1-2 वर उतरत असतील तर पीएमडीडीची शक्यता. तेव्हाही 3-4 राहून पाळीआधी 6 वर जात असतील, तर मुळात नैराश्य किंवा चिंतेचा आजार असून तो पाळीआधी बळावत असावा. दोन्हींचे उपचार वेगळे असतात.

गौरीहार:
दोन गोष्टी जोडते. गौरी-गणपतीत किंवा परीक्षेला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, घेतल्या असतील तर तो महिना नोंदीत धरू नका. पाळीची तारीख सरकते आणि काहींचा मूडही त्या गोळ्यांनीच बिघडतो. वहीत गोळीचं नाव आणि तारखा लिहा. पीसीओएसमुळे (हार्मोन्सच्या बिघाडाचा एक आजार) पाळी अनियमित असेल तर दिवस पुढून मोजून उपयोग नाही. पाळी आली की तिथून मागे 14 दिवस मोजा. 35 दिवसांच्या चक्रात ओव्ह्युलेशन, म्हणजे बीजांड बाहेर पडणं, साधारण 21व्या दिवशी येतं.

केसपेपर:
कुणाकडे जायचं ते सांगतो. मनाचा त्रास जास्त असेल तर थेट मानसोपचारतज्ज्ञ. दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. रक्तस्राव, दुखणं, अनियमितता जास्त असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. समुपदेशक आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट थेरपी देतात, औषध लिहून देत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा, विचारण्यात संकोच नको. खर्च परवडत नसेल तर ससूनचा मानसोपचार विभाग किंवा येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय. नावाला बिचकू नका, तिथे बाह्यरुग्ण विभागही आहे. सकाळी लवकर जाऊन आधी केस पेपर काढा.

एसएसआरआय गटाची औषधं (नैराश्यावर दिली जाणारी) पीएमडीडीत काही दिवसांतच गुण देऊ शकतात, नैराश्यात काही आठवडे लागतात. म्हणून काहींना डॉक्टर ती फक्त पाळीआधीच्या शेवटच्या 14 दिवसांसाठी देतात. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून तसं घेऊ नका, आणि नैराश्यासाठी रोज चालू असलेली गोळी आपल्या मनाने 14 दिवसांवर आणू नका.

अभ्यासिका_सदाशिव:
मुलींना धास्ती असते की रेक्टरना किंवा घरी कळेल.

केसपेपर:
2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, कलम 23 मध्ये, गोपनीयतेचा हक्क आहे. 18 पूर्ण असतील तर संमतीशिवाय सांगत नाहीत. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद. आणि फलकावर हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहा: जीव द्यायचे विचार येत असतील तर दोन महिन्यांच्या नोंदीसाठी थांबू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा, एकटी जाऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.