लायसन्स राज्याचं, तारीख वॉशिंग्टनची

चौथा_गिअर:
अमेरिकेत लायसन्स देणं हे राज्यांचं काम. परीक्षा त्यांची, फी त्यांची, कार्डावरचा तो भयाण फोटोही त्यांचाच. मग ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानासाठी ओळखपत्र म्हणून साधं लायसन्स पुरेनासं का झालं? तर २००५चा रिअल आयडी कायदा, म्हणजे लायसन्स देताना माणसाची ओळख कशी तपासायची याच्या केंद्राच्या अटी. इराक युद्धाचा खर्च आणि त्सुनामीची मदत असलेल्या विधेयकाच्या शेपटीला बांधून तो मंजूर झाला. त्याला नाही म्हणायची छाती कोणाची?

गंमत म्हणजे हा कायदा राज्यांना हुकूम देतच नाही. 'आमच्या अटी पाळल्या नाहीत तर तुमचं कार्ड आम्ही मानणार नाही,' एवढंच म्हणतो. मेन राज्याने २००७च्या जानेवारीत विरोधाचा ठराव केला. मिनेसोटाने २००९ मध्ये कायदा करून स्वतःच्याच खात्याला तयारी करायला बंदी घातली. २०१७ मध्ये त्याच विधिमंडळाने मुकाट्याने अंमलबजावणी मंजूर केली. नाक दाबलं की तोंड उघडतं.

दारूच्या वयाचंही हेच. १९८४ चा केंद्रीय कायदा म्हणाला, वय २१ करा, नाहीतर महामार्गाचा निधी कापू. साउथ डकोटात १९ वर्षांच्यांना हलकी बिअर चालायची. ते राज्य सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये हरलं. निधीच्या ५ टक्क्यांचाच प्रश्न आहे, ही काही सक्ती नव्हे, असं कोर्टाचं मत पडलं. काही राज्यांनी तर कायद्यातच लिहून ठेवलं होतं की केंद्राची अट उडाली तर आमचं २१ही उडालं. असल्या कायद्याला राज्याचा कायदा म्हणायचं?

घाटात_हॉर्न:
साफ असहमत. एकेकाळी ट्रकवाले दोन-तीन राज्यांची लायसन्स खिशात ठेवायचे. एका राज्याने काढून घेतलं की दुसरं दाखवायचं. राज्यांच्या भरवशावर हे थांबलं नसतं. १९८६च्या केंद्रीय कायद्याने 'एक ड्रायव्हर, एक लायसन्स' केलं आणि १ एप्रिल १९९२ पासून अवजड वाहनांना देशभर किमान समान कसोटी आली. चाळीस टनी धूड शेजारून जाताना मला राज्यांची स्वायत्तता आठवत नाही.

चौथा_गिअर:
ट्रकचं मान्य, तिथे गाडी चालवण्याचा संबंध आहे. रिअल आयडी मात्र तुम्हाला पॅरलल पार्किंग येतं का हे विचारत नाही, तुम्ही कोण आहात हे विचारतो.

व्हिसा_वारकरी:
आणि कधीपर्यंत आहात, हेही. माझा एच-१बी, म्हणजे नोकरीचा तात्पुरता व्हिसा. लायसन्सची मुदत आय-९४च्या, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीच्या, तारखेला बांधलेली. मुदतवाढीचा अर्ज वेळेत गेला होता, म्हणजे त्याच कंपनीत २४० दिवस काम करायला कायद्याने मुभा. लायसन्सच्या खिडकीवर उत्तर मिळालं, "मंजुरीचा कागद आणा." केंद्राच्या संगणकावर पडताळणी अडकली, सहा आठवडे गेले. नोकरीची परवानगी होती, नोकरीवर गाडीने जायची नव्हती. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या केंद्राला विचारा, केंद्राच्या फोनवर सांगितलं राज्याला विचारा. माझा चेंडू झाला नुसता.

खडूस_आजोबा:
वारकरीबुवा, त्रास खरा आहे, पण शिव्या योग्य पत्त्यावर द्या. प्रलंबित अर्जाची पावती घेऊन मुदत वाढवून देणारी राज्यं आहेत. तुमचं देत नसेल तर ते तुमच्या राज्याचं आळशीपण. रिअल आयडी नसलेलं लायसन्स कोणाला द्यायचं, हेही राज्यच ठरवतं. कॅलिफोर्निया २०१५ पासून कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांनाही देतं, कार्डावर 'केंद्रीय मर्यादा लागू' असं छापून. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तसाच कायदा केला. कुठे आला लगाम? विमानाला भारतीय पासपोर्टही चालतो. धागाकर्त्याचा हा निव्वळ कांगावा आहे.

पोटकलम_प्रेमी:
आजोबांना अर्धं +१. 'नाही' म्हणता येतं, पण त्याची किंमत असते. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात, मग तो गाडीत घडलेला नसला तरी, सहा महिने लायसन्स निलंबित करा, अशी एक जुनी केंद्रीय अट आहे. ती नको असेल तर विधिमंडळाने ठराव करायचा, गव्हर्नरने लेखी कळवायचं, मग महामार्गाचा निधी कापत नाहीत. अनेक राज्यांनी तसं केलंय. म्हणजे गप्प बसलात तर होकार धरला जातो, नकाराला मात्र मतदान लागतं. माझा आक्षेप त्या मांडणीला आहे. (आपल्याकडे २०१९ला मोटार वाहन कायद्याचे दंड वाढले, तेव्हा कायदा केंद्राचा असूनही महाराष्ट्राने नवे दर २०२१च्या डिसेंबरपर्यंत लांबवले. अमेरिकेतल्या राज्यांनी शिकवणी लावावी.)

घाटात_हॉर्न:
दंड लांबवण्यात शिकण्यासारखं काय आहे बुवा? पुण्यात सिग्नलला उभं राहून बघा एकदा.

चौथा_गिअर:
विषय पुण्यावर गेला, आता धागा शंभरी गाठणार. वारकरी, पुढे काय झालं?

व्हिसा_वारकरी:
मंजुरी आली. गुरुवारी सकाळी सव्वाआठची वेळ मिळालीय. पासपोर्ट, आय-९४, मंजुरीचा कागद, पत्त्याचे दोन पुरावे, सगळं फाईलमध्ये लावलंय. बायको सोडायला येणार आहे, तिचं लायसन्स नोव्हेंबरपर्यंत चालू आहे.