नॅलोक्सोन चिठ्ठीशिवाय द्यावं का?

डोसवाला: नॅलोक्सोन म्हणजे गर्दसारख्या अफूवर्गातल्या नशेवरचा उतारा. गर्द (हेरॉइन) जास्त होऊन श्वास मंदावला, तर स्नायूत दिलेलं नॅलोक्सोन दोन ते पाच मिनिटांत तो परत आणतं. अमेरिकेने ४ मिलिग्रॅमच्या नाकातल्या फवाऱ्याला मार्च २०२३ मध्ये चिठ्ठीशिवाय विक्रीची परवानगी दिली. आपल्याकडे औषध विक्रीच्या नियमांतला नियम ६५ आडवा येतो. चिठ्ठीवर ज्याच्या उपचारासाठी औषध, त्याचं नाव-पत्ता हवा. जो बेशुद्ध पडणार, तो आधी येऊन चिठ्ठी घेणार होय? औषध हाताशी हवं त्याच्या आईच्या, खोलीतल्या सोबत्याच्या. त्यांना देता येईल एवढी दुरुस्ती करा.

काउंटरमागचा: बोलायला सोपं. इथे मिळते ०.४ मिलिग्रॅमची काचेची अँप्यूल. मान मोडायची, सिरिंजमध्ये ओढायची, मांडीच्या बाहेरच्या अंगाला टोचायची. घाबरलेल्या हाताने अर्धं औषध जमिनीवर जाईल. शिवाय मुंबईत आज गर्दइतकंच एमडी (मेफेड्रोन, तरतरी आणणारी नशा) चालतं, त्यावर नॅलोक्सोनचा काडीचा उपयोग नाही. झोपेच्या गोळ्या नि दारूवरही नाही. सुई दिली म्हणून घरचे निवांत बसले, तर?

डोसवाला: म्हणून तर अँप्यूलसोबत एक कागद द्यायचा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळे, श्वास अगदी संथ, हाक मारून हलत नाही: आधी १०८, मग तोंडाने श्वास, मग सुई. एमडीवाल्याला चुकून टोचली तरी बिघडत नाही, फक्त वेळ जातो. आणि एक अँप्यूल देऊ नका, निदान दोन द्या. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी.

रात्रपाळी: दोघंही खरा धोका सोडताय. नॅलोक्सोन टिकतं ३० ते ९० मिनिटं, मेथाडोन, अफूवर्गातलंच औषध, त्याहून कितीतरी जास्त. माणूस उठतो, उलट्या करतो, चिडतो, "मला काही झालेलं नाही" म्हणत निघतो आणि तासाभराने पुन्हा निळा पडतो. मधल्या वेळात तलफ भागवायला आणखी गर्द ओढली, तर बघायलाच नको. त्याच वर्गातलं ब्युप्रेनॉर्फिन तर रिसेप्टरला (मेंदूत ही औषधं जिथे चिकटतात त्या जागेला) इतकं घट्ट चिकटतं की दोन अँप्यूल कमी पडू शकतात. उठला तरी इस्पितळात न्यायचाच, हे कागदावर सगळ्यात मोठ्या अक्षरात हवं.

काउंटरमागचा: नेणार कोण? सेवनाचा गुन्हा एनडीपीएसच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) कलम २७ मध्ये आहेच. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, पण ते रस्ते अपघातापुरतं. तरी कागदाचं मान्य. माझी अडचण बिलाची आहे. पेशंट म्हणून मुलाचं नाव आई सांगणार नाही, आणि खोटं नाव मी लिहिणार नाही. तिच्याच नावावर बिल फाडायची लेखी मुभा द्या, पाच अँप्यूल उद्याच प्रिन्सेस स्ट्रीटच्या औषधबाजारातून मागवतो.